किती चढवायचं आणि किती घासायचं: घरच्या गिटारच्या क्लिअर कोटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरी गिटार बनवण्यावर लेख आला आणि तेव्हापासून पत्रं येतच आहेत. लाकूड कापणं, मान बसवणं, फ्रेट ठोकणं याबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. बहुतेकांचं घोडं क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावर चढवायच्या पारदर्शक थरावर अडलंय. मी कोल्हापूरला वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम शिकले आणि आता पुण्यात गिटार-मेंडोलिनची दुरुस्ती करते, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचे आहेत. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या दाराच्या सागवानातून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापली. निळा स्टेन दिला, त्यावर स्प्रेच्या डब्यातून क्लिअरचे सहा हात मारले. तीन दिवसांनी 400 चा पॉलिश पेपर मारला, मग 1000 चा. वरची बाजू बरी झाली, पण कडेला निळा रंग उडून लाकूड दिसायला लागलंय. मधल्या भागात अजून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा आहे. पुढे घासू की सगळं उतरवून पुन्हा करू?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: आधी हातातला पेपर खाली ठेव. सगळं उतरवायची गरज नाही, पण आता पुढे घासूही नकोस.

तुझ्या बॉडीवर घासायला मुळात किती माल आहे, याचा हिशेब मांडू. डब्यातल्या स्प्रेचा एक पातळ हात सुकल्यावर साधारण 15 ते 20 मायक्रॉन उरतो. सहा हात म्हणजे फार तर 100 ते 120. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास 100 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुझा सगळा क्लिअर कोट एका कागदाएवढा आहे आणि त्यातूनच तुला खरबरीतपणा काढायचाय, पेपरचे ओरखडे काढायचेत आणि शेवटी गिटारवर काहीतरी शिल्लकही ठेवायचंय. कडेला तर तेवढंही नसतं. ओला लॅकर धारदार कडेवरून आपोआप मागे सरकतो, तिथे थर पातळच बसतो. त्यात कडेवर हाताचा सगळा दाब एका रेषेत पडतो. म्हणून रंग पहिल्यांदा नेहमी कडेलाच उडतो.

दुसरं कारण 400 चा पेपर. पेपरच्या मागे 'पी' अक्षर छापलेलं असेल तर तो युरोपीय मापाचा. पी 400 वरचा कण सुमारे 35 मायक्रॉनचा असतो, पी 800 वरचा 22 च्या आसपास, पी 2000 वरचा 10 च्या. कण अख्खा रुतत नाही हे खरं, पण 400 ने पाडलेला ओरखडा काढायला त्याच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. एका कागदाएवढ्या थरात हा खर्च परवडत नाही. दोन हातांच्या मधे हलकं घासायला 400 ठीक. शेवटचं लेव्हल करायला मी पी 800 च्या खाली जात नाही. दुकानदाराकडून पेपर घेताना मागची बाजू बघूनच घे, कारण अमेरिकन मापाचा 600 हा पी 1200 च्या जवळ जातो आणि दोन्ही मापांचे पेपर एकाच गठ्ठ्यात मिसळलेले मिळतात.

आता दुरुस्ती. आधी न दिसणाऱ्या जागी, म्हणजे पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकाच्या) खोबणीत, कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन हलकं पुसून बघ. क्लिअर विरघळून चिकट झाला तर तो नायट्रोसेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर आहे. गाडीच्या रंगाच्या दुकानातले बरेचसे डबे अ‍ॅक्रिलिकचे असतात. या लॅकरचा मोठा गुण असा की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे मधेच केलेली दुरुस्ती दिसत नाही. बॉडी मिनरल टर्पेंटाइनने पुसून घे आणि पूर्ण वाळू दे. निळा डाय स्पिरिटमध्ये पातळ करून बारीक ब्रशने फक्त उघड्या पडलेल्या लाकडावर लाव, आजूबाजूच्या क्लिअरवर जाऊ देऊ नकोस. एकदम गडद करायला जाऊ नकोस, दोन-तीनदा फिका हात दे. मग कडांवर क्लिअरचे अगदी पातळ, धुरासारखे दोन हात मार आणि ते वाळल्यावर सगळ्या बॉडीवर आणखी पाच-सहा हात चढव. दिवसाला तीनच, प्रत्येक हातात निदान तास-दीड तासाचं अंतर. एकदम जाड मारलंस तर वरचा थर आधी सुकतो, आतला थिनर कोंडतो आणि महिन्याभरानेही नख टेकवलं की वळ उठतो.

त्यानंतर बॉडी टांगून ठेव आणि तीन ते चार आठवडे विसरून जा. हे मी सगळ्यात ठासून सांगते. लॅकर फक्त थिनर उडून सुकतो आणि उडता उडता आक्रसतो. तीन दिवसांनी घासून आरसा केलास तरी पुढच्या महिन्यात तो आक्रसून सागवानाच्या छिद्रांत बसणार आणि बारीक खड्ड्यांच्या रेघा वर येणार. बॉडीला नाक लावून बघ. थिनरचा वास येतोय तोवर ती तयार नाही.

घासताना पाणीपेपर निदान पंधरा-वीस मिनिटं भिजत घाल, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाक. सपाट भागावर पेपर नुसत्या बोटांनी कधीच धरू नये, बोटांखाली चर पडतात. शाळेतला मोठा सपाट खोडरबर घे आणि त्याला पेपर गुंडाळ. दहा-बारा हलके फटके मारून पाणी पुसून टाक आणि ट्यूबलाइट तिरपी पडेल अशी बॉडी धर. घासलेला भाग दुधाळ, मंद दिसेल आणि त्यात बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजे अजून पेपर न पोचलेले खड्डे. ठिपके संपले की लेव्हल झालं, तिथेच थांबायचं. एखादा ठिपका हट्टी असेल तर त्याच्यासाठी आजूबाजूचं सगळं खाली आणू नकोस, त्या खड्ड्यात ब्रशच्या टोकाने लॅकरचा थेंब भर आणि नंतर तेवढंच सपाट कर.

पी 800 आडवा, पी 1000 उभा, पी 1500 पुन्हा आडवा, पी 2000 उभा असं दर पेपरला दिशा बदल, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. कडांवर पी 1500 च्या आधीचा कुठलाच पेपर नको. तोही रबराशिवाय, बोटाने, दोन-चार फटके. आणि घासताना येणाऱ्या पाण्याच्या रंगावर डोळा ठेव. पांढरट आहे तोवर तू क्लिअरमध्ये आहेस. पाण्यात निळी झाक आली की त्याच क्षणी हात उचल.

अजून एक. स्क्रूच्या आणि ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) भोकांत पाणी गेलं तर लाकूड फुगतं आणि भोकाभोवतीचा क्लिअर उचलला जातो. भोकांत मेणाचे बोळे कोंबून ठेव, किंवा भोकांजवळ पाण्याऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापर. वाळलेल्या लॅकरला ते काही करत नाही. मात्र ते पेट घेतं, तेव्हा होस्टेलच्या खोलीत नको, गच्चीवर जा.

प्रश्न: पावसाळ्यात वेळ मिळाला म्हणून जुलैत गिटारवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला. पाच मिनिटांत सगळं पांढरं धुरकट झालं. डबा खराब निघाला का?
(एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर: सर, डब्याचा दोष नाही, हवेचा आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. कोकणातल्या जुलैच्या हवेत मुळात इतका दमटपणा असतो की त्या थंड पृष्ठभागावर लगेच पाणी धरतं आणि ओल्या थरात अडकतं. तोच तो पांढरा धूर. फर्निचर पॉलिशवाले याला 'ब्लशिंग' म्हणतात आणि पावसात लॅकरचं काम शक्यतो घेतच नाहीत.

घासून काढायला जाऊ नका, बहुतेक वेळा आतला थर सुखरूप असतो. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, अगदी पातळ धुरासारखा स्प्रे गनने फिरवा. वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी सुटतं आणि बऱ्याचदा डोळ्यांदेखत पारदर्शक होतं. पण रिटार्डरने सुकायला जास्त वेळ लागतो, तेव्हा पुढची थांबण्याची मुदत दोन आठवड्यांनी वाढवा.

साधा आर्द्रतामापक घ्या, महाग नसतो. 70 टक्क्यांच्या वर काटा असेल तर लॅकर उघडायचा नाही, हा माझा नियम. किनाऱ्यावर दसऱ्यापर्यंत हवा ओलसरच असते, दिवाळीनंतर काम काढा आणि सकाळी दहा-अकरानंतर, दव गेल्यावर मारा. तोवर पावसाळ्यात छिद्रं भरण्याचं काम उरकता येईल. सागवान, शिसम, महोगनी यांची छिद्रं आधी नीट भरली नाहीत तर वर कितीही हात द्या, लॅकर आत ओढला जातो. आमच्या कारखान्यात खडूच्या भुकटीत पिवडी आणि गेरू मिसळून लाकडाच्या रंगाची लांबी, म्हणजे छिद्रं भरायचा लगदा, करायचे. नुसती पांढरी भुकटी वापरली तर सागवानात पांढरे तंतू उठून दिसतात, ते नंतर कशानेही जात नाहीत. लांबी आडव्या दिशेने चोळून भरायची, जास्तीची गोणपाटाने पुसायची आणि सुकल्यावर 320 चा पेपर मारायचा.

प्रश्न: मी फर्निचरचं काम करतो. मुलासाठी अ‍ॅकॉस्टिक गिटार बनवतोय. आमच्याकडे दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) नेहमी असतं, कडक आणि चकचकीत होतं. तेच मारलं तर काय हरकत?
(एक सुतार, हडपसर)

उत्तर: दादा, तुमचा हात बसलेला आहे, त्यामुळे मारणं तुम्हाला अवघड नाही. पण तीन गोष्टी बघा.

डायनिंग टेबलावर पीयू जाड असणं चांगलं, त्यावर गरम भांडी येतात. अ‍ॅकॉस्टिकची वरची फळी मात्र जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते आणि तिनं थरथरावं म्हणूनच आपण ती तेवढी पातळ करतो. तिच्यावर टेबलासारखा थर चढवला की वजन वाढतं आणि आवाज दबतो. सगळं मिळून एका कागदाएवढ्या जाडीत बसवा. बाजू आणि पाठ थोडी जाड चालेल, वरची फळी नाही.

दुसरं घासण्याचं. पीयूमध्ये हार्डनर मिसळल्यावर रसायन जुळून कडक होतं, पुन्हा विरघळत नाही. त्यामुळे एक हात दुसऱ्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. शेवटच्या घासणीत वरच्या हातातून खालच्या हातात गेलात तर दोन थरांच्या सीमेवर फिकट वेडीवाकडी रेघ उमटते, नकाशातल्या समोच्च रेषेसारखी. ती पॉलिशने जात नाही, अख्खा हात पुन्हा मारावा लागतो. म्हणून पीयूत लेव्हल करायचं ते शेवटच्या हाताच्या आधी करा, 400 ने सगळं सपाट करून घ्या आणि मग शेवटचे हात डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत एकामागून एक द्या. वेळ टळली तर पुन्हा पेपर मारल्याशिवाय वरचा हात धरणार नाही.

तिसरी गोष्ट मी हात जोडून सांगते. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने उडालेला त्याचा बारीक धूर फुप्फुसात गेला की काही माणसांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढे थोडासा वासही पुरतो. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून तो धूर थांबत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर गनने मारू नका, आणि घरात, मुलाच्या शेजारी तर मुळीच नाही. गाड्यांना रंग देणाऱ्या एखाद्या चांगल्या बूथमध्ये गिटार घेऊन जा, त्यांना थोडे पैसे द्या. किंवा पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा. तुमच्या गिटारला माझी पसंती त्यालाच आहे.

प्रश्न: आमच्या मिरजेत तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करतात. गिटारला चालेल का? की ते जुनं झालं?
(एक वाचक, मिरज)

उत्तर: चालेल का म्हणून काय विचारता! स्पेनमधल्या परंपरेच्या उत्तम क्लासिकल गिटारींवर आजही लाखेचंच पॉलिश असतं. तुमच्या गावातल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम ज्या हातांनी होतं त्यांच्याकडून हे पॉलिश प्रत्यक्ष बघायला मिळणं ही गिटार बनवणाऱ्यासाठी पर्वणी आहे. जाऊन बसा त्यांच्याकडे, परवानगी घेऊन.

लाख आपल्याच देशातली, झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांत पळस-कुसुम-बोरीच्या झाडांवर लाखेचा किडा ती तयार करतो. शंभर मिलिलिटर स्पिरिटला वीस ग्रॅम चपडा लाख, रात्रभर काचेच्या बरणीत विरघळू द्या, सकाळी मलमलीतून गाळा. वर्षानुवर्षं ठेवलेला घोळ वापरू नका, तो पुढे सुकतच नाही. काचेवर एक थेंब टाकून बघा, तासाभरात कडक झाला नाही तर फेकून द्या.

कापसाचा बोळा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडात बांधायचा, आत लाखेचा घोळ द्यायचा आणि तळहातावर दाबून जास्तीचा काढायचा. बोळा टेकवल्यावर फळीवर ओलसर शेपूट उमटावी आणि तुम्ही पुढे सरकताच ती मागे उडून जावी. शेपूट रेंगाळली तर बोळा जास्त ओला आहे, अजिबात उमटली नाही तर कोरडा. फळीवर बोळा कधी थांबवायचा नाही. विमान जमिनीवर उतरतं तसा हलत हलत टेकवायचा आणि हलत हलतच उचलायचा. थांबलात की खालची लाख विरघळून चिकटते. बोळा अडखळायला लागला की ऑलिव्ह तेलाचा एकच थेंब बोटाने लावायचा. गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात, शेवटी रेषेच्या दिशेने. एका बैठकीला वीसेक मिनिटं पुरे, मग दुसऱ्या दिवशी.

यात गन नाही, कंप्रेसर नाही, थर अतिशय पातळ बसतो आणि घासणं जवळजवळ नसतंच, दोन-तीन बैठकांनंतर जुन्या पी 1000 ने हलकं केलं की झालं. ओरखडा पडला तर पुन्हा बोळा फिरवला की जुनी-नवी लाख एक होते. उणी बाजूही सांगते. घाम, उष्णता आणि दारू लाखेला सोसत नाही. हात फार घामट असेल तर मान लाखेची करू नका. आणि लाखेवर पुढे दुसरं काही चढवायचं असेल तर मेण काढलेली लाख मागा, मेणाच्या लाखेवर पीयू पकडत नाही.

प्रश्न: अ‍ॅकॉस्टिकचा क्लिअर झाल्यावर ब्रिज चिकटवू की आधी?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: क्लिअर झाल्यावर, पण ब्रिजची जागा कोरी ठेवून. ब्रिजचा आकार मास्किंग टेपमध्ये कापून, कडेने साधारण एक मिलिमीटर आत, फळीवर आधीच चिकटवा आणि त्यावरून फिनिश करा. सरस किंवा पांढरा ग्लू लॅकरवर धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. तारांची सगळी ओढ त्या जोडावर असते. माझ्याकडे ब्रिज सुटून आलेल्या घरगुती गिटारींत खाली चकचकीत लॅकर सापडतो, हे नेहमीचं आहे.

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. बेसमेंटमध्ये गिटार बनवली आहे. बाहेर कडाक्याची थंडी, गॅरेज गोठलेलं. बेसमेंटमध्येच नायट्रो लॅकर मारावा असं ठरवतोय. पंखा लावला तर पुरेल?
(एक मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: नाही. कृपा करून मारू नका. तिकडच्या घरांत बेसमेंटमध्येच बहुधा वॉटर हीटर आणि फर्नेस असतात आणि गॅसवरचे असतील तर आत ज्योत किंवा ठिणगी असते. लॅकरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते आणि ज्योतीपर्यंत पोचली की भडका उडतो. नायट्रोसेल्युलोज मुळातच ज्वालाग्राही, त्याची घासलेली कोरडी भुकटीसुद्धा पेटते. साधा टेबलफॅन त्या वाफेत ठेवणं म्हणजे तिथे आणखी एक ठिणगी ठेवणं.

तुमच्याकडे पाण्यावर आधारलेला लॅकर सहज मिळतो, तो घ्या. वास कमी, पेटण्याची भीती जवळपास नाही, बेसमेंटमध्ये खिडकी उघडून ब्रशने किंवा गनने लावता येतो. पहिल्याच हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी ओल्या फडक्याने फळी पुसून घ्या, सुकल्यावर 320 ने तंतू कापा आणि मग लावा. हा लॅकर गडद लाकडावर किंचित निळसर, थंड दिसतो. खाली मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्या, लाकडाला ऊब येते. खोली 18 ते 24 अंश सेल्सिअस असू द्या. डबा गार असेल तर कोमट पाण्यात ठेवा, शेगडीजवळ नको. याचे थर एकमेकांत नायट्रोइतके विरघळत नाहीत, तेव्हा घासताना वर हडपसरच्या दादांना सांगितलेली रेघेची गोष्ट लक्षात ठेवा.

तुमच्या भागात आणखी एक जपायचं. गोठलेल्या गाडीतून आणलेली गिटार ऊबदार घरात लगेच केसमधून काढू नका, काही तास बंदच राहू दे. नायट्रोचा फिनिश असेल तर अचानक बदललेल्या तापमानाने त्यात केसासारख्या तड्या जातात.

प्रश्न: मान चिकट लागते. बाकी फिनिश छान आहे.
(एक वाचक, अकोला)

उत्तर: चकचकीत लॅकर आणि घामट अंगठा, अकोल्याच्या उन्हाळ्यात हे होणारच. मानेच्या मागची बाजू फक्त मंद करा. बोट ज्या दिशेने सरकतं त्याच दिशेने, म्हणजे उभा, पी 2000 चा पेपर किंवा सगळ्यात बारीक, चार शून्यांचा स्टील वूल हलका फिरवा. स्टील वूल घेतलात तर पिकअप आधी टेपने पूर्ण झाका, नाहीतर चुंबक ते सगळे कण ओढून घेतो आणि निघता निघत नाहीत.

काही जण मानेला फक्त जवसाचं तेल देतात, हाताला ते फार सुखद लागतं. मात्र त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

प्रश्न: पी 2000 पर्यंत घासलं, कंपाउंड (चकाकीसाठी घासायची पेस्ट) लावलं, तरी उन्हात धरलं की बारीक जाळं दिसतं. गाडीचं पॉलिश लावू का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ते जाळं बहुतेक कंपाउंडचं नाही, आधीच्या पेपरचे राहिलेले ओरखडे आहेत. तिरप्या उजेडात दिशा बघा. आडवे असतील तर पी 1500 वर परत जा, मग 2000 पुन्हा, आणि मगच कंपाउंड. पुढे सरकायची घाई कंपाउंड भरून काढत नाही. कंपाउंड मऊ फ्लॅनेलने, आधी जाडसर, मग बारीक, दोन्हींची फडकी वेगळी. मशीन वापरत असाल तर फोमचं पॅड आणि कमी वेग, एका जागी थांबायचं नाही. लॅकर गरम झाला की मऊ पडून ओढला जातो. कडांवर मशीन नेऊच नका.

गाडीच्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. आज चमकेल, पण पुढे कधी टचअप करायची वेळ आली तर नवा लॅकर त्या जागी पसरत नाही, फाटून गोल डोळे पडतात. गिटारवर सिलिकॉन नसलेलंच कंपाउंड आणा आणि डब्यावर तसं लिहिलेलं बघून आणा.

प्रश्न: फिनिश झालेली गिटार स्टँडवर ठेवली होती. जिथे मान टेकते तिथे डाग पडलाय, पुसून जात नाही. का?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर: तुमचा फिनिश नायट्रोचा असणार. स्टँडच्या पट्ट्यांतल्या रबरात किंवा व्हिनाइलमध्ये मऊपणासाठी जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि नायट्रोला मऊ करतं. डाग वरवरचा असेल तर पी 2000 आणि कंपाउंडने निघेल. नखाला मऊ लागत असेल तर आधी पंधरा दिवस उघड्या हवेत ठेवा, कडक होऊ दे, मग हात लावा. आणि आजच स्टँडच्या टेकणाऱ्या सगळ्या जागांवर जाड सुती कापड गुंडाळून दोऱ्याने शिवून टाका. केसमध्ये रबरी आवरणाची केबल किंवा व्हिनाइलचा पट्टा गिटारला लागून राहणार नाही, तेही बघा.